वीस वॅटचा अॅम्प्लिफायर

घरी निवांत बसून गाणे ऐकण्यासाठी बेताच्या किमतीचा एखादा स्टिरिओ अॅम्प्लिफायर घ्यावा, असे मनात आणून मनुष्य दुकानात शिरला की, त्याच्यापुढे पहिला आकडा येतो तो वॅटचा. हा पन्नास वॅटचा, तो शंभराचा, पलीकडचा दोनशेचा. किमतीही साधारण त्याच क्रमाने चढत जातात. मग महिन्याच्या पगारातून चार पैसे बाजूला टाकणाऱ्या माणसाला वाटू लागते की, आपल्या ऐपतीत बसेल तो अॅम्प्लिफायर दुबळाच असणार. ही समजूत किती फसवी आहे, हे या यंत्राच्या इतिहासातून स्पष्ट दिसते.

अॅम्प्लिफायरचे काम सांगायला सोपे आहे. तबकडीवरून सुईने उचललेला विद्युत्संकेत व्होल्टच्या काही सहस्रांशाइतका क्षीण असतो. त्याला स्पीकरचा पडदा हलवण्याइतके बळ द्यायचे, परंतु त्याचा आकार मात्र बदलू द्यायचा नाही. सारी अडचण या दुसऱ्या अटीत आहे. व्हॉल्व्ह असो वा ट्रान्झिस्टर, संकेत मोठा करताना तो त्याला थोडाफार वाकवतोच. या वाकण्यालाच विकृती म्हणतात. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचा अभियंता हॅरॉल्ड ब्लॅक हा लांब पल्ल्याच्या टेलिफोनसाठी याच प्रश्नावर डोके शिणवीत होता. २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी तो फेरीबोटीतून हडसन नदी ओलांडून कामावर निघाला असता त्याला उपाय सुचला, आणि हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावरच त्याने तो टिपून ठेवला. बाहेर पडणाऱ्या संकेताचा थोडा अंश उलटा करून पुन्हा प्रवेशद्वारी आणायचा, म्हणजे यंत्राने पदरची घातलेली भर बरीचशी वजा होऊन जाते. निगेटिव्ह फीडबॅक या नावाने ही युक्ती पुढे सर्वत्र रूढ झाली. विद्यार्थ्याकडून त्याचीच उत्तरपत्रिका तपासून घ्यावी, तसा हा प्रकार आहे. फरक इतकाच की, यंत्र लबाडी करीत नाही.

या युक्तीचे फळ घरगुती संगीताला मिळाले ते इंग्लंडमध्ये. हॅरॉल्ड लीक यांच्या कंपनीने १९४५ साली जो अॅम्प्लिफायर काढला त्याचे नावच ‘पॉइंट वन’ होते, कारण त्याची विकृती अवघी ०.१ टक्का होती. पाठोपाठ १९४७ च्या एप्रिल व मे महिन्यांत ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात विल्यमसन नावाच्या अभियंत्याने आपल्या १५ वॅटच्या अॅम्प्लिफायरचा सविस्तर आराखडा छापला आणि असंख्य हौशी लोकांनी तो घरच्या टेबलावर बांधला. पंधरा वॅटमध्ये उत्तम संगीत मिळू शकते, हे तेव्हाच सिद्ध झाले होते. पुढच्या पिढीला त्याचा विसर पडला, हे मात्र खरे.

तोवर आवाज एकाच वाटेने येत असे. दोन वाटांनी, म्हणजे डाव्या-उजव्या कानांना वेगळा आवाज देण्याची कल्पना अॅलन ब्लमलाइन याने १९३१ च्या डिसेंबरमध्येच पेटंटासाठी नोंदवली होती. तो ईएमआय या कंपनीत होता. आपल्या घरोघरच्या तबकड्यांवर कर्ण्यापुढे बसलेला कुत्रा असे, त्याच एचएमव्हीची ही मालक कंपनी. एका चरीच्या दोन भिंतींवर दोन आवाज कोरण्याची रीतही त्याने त्यात मांडली होती. युद्धात, १९४२ साली, रडारची चाचणी चालू असताना विमान कोसळून तो वारला. वय अवघे ३८. स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या त्या १९५७-५८ च्या सुमारास, आणि त्यांनी सामान्य गिऱ्हाइकापुढे एक नवाच पेच टाकला. आता सगळेच दोन-दोन हवे. दोन अॅम्प्लिफायर, दोन स्पीकर, वर नियंत्रणाची वेगळी पेटी! खर्च आणि अडगळ दोन्ही वाढली. नियंत्रण आणि शक्ती, डावा आणि उजवा, सगळे एकाच पेटीत बसवलेला इंटिग्रेटेड अॅम्प्लिफायर मध्यमवर्गाला हवासा वाटला, तो यामुळे.

ट्रान्झिस्टरने ही पेटी आटोपशीर केली. लीक कंपनीचा १९६३ चा ‘स्टिरिओ ३०’ हा अशा पहिल्या काही अॅम्प्लिफायरांपैकी एक. परंतु या सुरुवातीच्या पिढीत एक दोष होता. ध्वनिलहरीचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर वाहतो व खालचा दुसरा. पालखीला खांदा बदलताना हिसका बसावा, तसा या अदलाबदलीत लहरीला हिसका बसे. मोठ्या आवाजात तो झाकून जाई. हळुवार सुरात मात्र, जिथे तो नकोसा, तिथेच टोचे. पूर्ण शक्तीवर घेतलेल्या मोजमापात तो फारसा दिसत नसे, म्हणून जाहिरातीतही नसे.

आणि जाहिराती तर ऊतू चालल्या होत्या. अमेरिकेत क्षणभराची कमाल शक्ती मोजून, दोन्ही बाजूंची बेरीज करून, वॅटचे आकडे वाटेल तसे फुगवले जात. अखेर १९७४ साली तेथील फेडरल ट्रेड कमिशनने नियम घातला : यंत्र आधी एक तास तृतीयांश शक्तीवर चालवून तापवावे, मग दोन्ही बाजू एकाच वेळी चालवून जी शक्ती ते सतत देईल तीच छापावी. २०२४ साली हा नियम सुधारून ८ ओहम, २० ते २०,००० आवर्तने आणि १ टक्क्याहून कमी विकृती या अटी सर्वांना सारख्याच लावण्यात आल्या. आपल्याकडे १९९० च्या दशकात स्वस्त टेपरेकॉर्डरवर ‘पीएमपीओ’ म्हणून शेकड्यांनी वॅट छापलेले आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्या अक्षरांना शास्त्रात कसलाही निश्चित अर्थ नव्हता.

या पार्श्वभूमीवर १९७२ साली स्थापन झालेल्या एनएडी या कंपनीने १९७८ मध्ये ‘३०२०’ हा अॅम्प्लिफायर आणला. रचनाकार नॉर्वेचे ब्यर्न एरिक एडवर्डसन. करड्या रंगाची साधी पेटी, आणि शक्ती छापलेली प्रत्येक बाजूला फक्त २० वॅट. जपानी यंत्रांच्या चकचकीत रांगेत ती गरीब दिसे. पण एडवर्डसन यांनी पैसा खर्च केला तो ऐकणाऱ्याच्या उपयोगाला येईल तिथे. सतत वीस वॅट देणारे हे यंत्र क्षणभरासाठी चाळीस वॅट देऊ शके, आणि स्पीकरचा विरोध खाली घसरला तरी दम सोडत नसे. तबल्याच्या थापेचा विचार करा. थापेचे शिखर काही सहस्रांश सेकंदच टिकते, पण तेवढ्यापुरती मागणी सरासरीच्या कितीतरी पट असते. ती भागली नाही तर थाप बोथट होते. मर्यादा ओलांडलीच, तर लहरीचे टोक एकदम कापण्याऐवजी ते हळूच गोल करण्याची सोयही त्यात होती. लाखो घरांत हा अॅम्प्लिफायर पोचला.

वीस वॅट पुरतात कसे, याचा हिशेब शाळेतल्या गणिताचा आहे. शक्ती दुप्पट केली तर आवाज ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम जाणवतो. आवाज दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दसपट शक्ती लागते. तेव्हा वीस सोडून चाळीस वॅट घेण्यात फारसा लाभ नाही. उलट, एका वॅटवर ८७ डेसिबल देणाऱ्या स्पीकरऐवजी ९० डेसिबलचा निवडला, तर तोच लाभ अॅम्प्लिफायरला हात न लावता मिळतो. म्हणून स्पीकर आधी ठरवावा आणि त्याला साजेल असा अॅम्प्लिफायर मागाहून. दहा-बारा फुटांच्या खोलीत एरवीचे ऐकणे पुष्कळदा एका वॅटच्या आतच होते.

जुना ३०२० आजही हातोहाती विकला जातो. मात्र त्याचे वय चाळिशी ओलांडलेले आहे. आतले कपॅसिटर सुकलेले असतात. ते बदलण्याचा खर्च किमतीत धरावा. नवा घ्या की जुना, दुकानात आवाज चढवून दाखवतात तेव्हा तो अगदी खाली आणायला सांगावा आणि तंबोऱ्याची तबकडी लावावी. आवाजाचे बटण हलक्या प्रतीचे असेल तर हळू आवाजात एक बाजू दुसरीपेक्षा मोठी वाजते आणि तंबोरा मधोमध न राहता एका स्पीकरकडे सरकतो.