लेखकाचा फोटो, लेखकाची सही

लेखकाची सही असलेले फोटो जमवण्याचा छंद फोटो स्वस्त झाल्यावर वाढला. 1854 मध्ये पॅरिसच्या आंद्रे दिस्देरीने एकाच काचेवर अनेक छबी टिपण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि भेटकार्डाएवढे फोटो डझनावारी निघू लागले. चेहरा दुकानात विकत मिळे. सही मात्र खुद्द लेखकाकडूनच मिळवावी लागे. इंग्रज छायाचित्रकार जूलिया मार्गारेट कॅमेरॉन स्वतः काढलेल्या कवी टेनिसनच्या फोटोंवर त्याच्या सह्या घेई, कारण सहीने भाव चढतो हे ती जाणून होती.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी त्याच 1854 साली निघाली, आणि डॉ. नारायण दाजींसारखी मराठी माणसे या कलेत आरंभापासून होती. तरीही सही केलेला फोटो मराठीत फारसा रुजला नाही. फोटो भिंतीवर किंवा मासिकात गेला, सही वहीत राहिली. स्वाक्षरीचे मोल मात्र सर्वांना ठाऊक होते: गांधीजी सहीचे पाच रुपये घेत आणि ते हरिजन फंडात टाकत.

सही घ्यायची तर लेखक भेटायला हवा. बुलढाणा जिल्ह्यातल्या वडनेर भोलजीसारख्या गावातल्या वाचकाला लेखक प्रत्यक्ष दिसण्याची संधी म्हणजे साहित्य संमेलन. मलकापूर आणि नांदुरा ही दोन्ही जवळची स्टेशने मुंबई-नागपूर लोहमार्गावरची. त्याच मार्गावर पूर्वेला अकोल्यात 1912 मध्ये ह. ना. आपटे अध्यक्ष होते, पश्चिमेला जळगावात 1936 मध्ये माधव ज्यूलियन, पुन्हा अकोल्यात 1981 मध्ये गो. नी. दांडेकर.

याच टापूतील सर्वांत लाडक्या कवयित्रीची सही मात्र कोणत्याही संग्राहकाला मिळणार नाही. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (1880-1951) निरक्षर होत्या. त्यांची गाणी इतरांनी लिहून घेतली आणि 1952 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तकरूपाने आली. त्यांचा फोटो आहे, हस्ताक्षर नाही.

संग्राहकाला खरा धोका छापील सहीचा. कॅमेरॉनने काढलेल्या डार्विनच्या फोटोखाली त्याचा अभिप्राय आणि सही छापून विकली गेली, आणि ती हातची समजून घेणारे आजही फसतात. भिंगाखाली छापील रेघ एकसारखी सपाट दिसते. टाकाच्या रेघेत दाबानुसार जाड-बारीकपणा असतो, शाई कुठे साचते, कुठे विरते. काळाचाही पडताळा घ्यावा. बॉलपेन बाजारात आले 1940 नंतरच्या दशकात. त्यामुळे 1919 मध्ये वारलेल्या आपट्यांची बॉलपेनची सही कोणी पुढे केली, तर भिंग काढायचीही गरज नाही.