भाच्याचं आफ्रिकन साम्राज्य आणि आपल्या शेजारचे हबशी

जरा लांबलचक पोस्ट आहे. वेळ असेल तेव्हाच वाचा.

गेल्या महिन्यात सांगलीहून भाच्याचा फोन आला. इंजिनिअरिंगला आहे. मित्रांबरोबर ऑनलाइन एक खेळ खेळतो. त्यात प्रत्येकाने आपलं एक काल्पनिक राज्य उभं करायचं, त्याचा राजा व्हायचं आणि त्या राजाच्या तोंडून बोलायचं. राजघराणं, धर्म, सण, सैन्य, सगळं आधी लिहून द्यावं लागतं. याच्या वाट्याला आफ्रिका आली. "मामा, तुम्ही इतिहासवाले. जरा वाचून सांगा ना कसं झालंय."

वाचलं. सम्राट सोन्याच्या सिंहासनावर. अंगावर बिबट्याचं कातडं. एक मांत्रिक, एक रक्त पिणारी देवी, रात्रभर ढोल आणि शेजाऱ्यांवर सतत हल्ले. चित्र म्हणून झकास होतं, पण तो सम्राट गेला तर गादीवर कोण बसणार, सैन्याला पगार कोण देणार, यातलं एक अक्षर नव्हतं. ते सिंहासन सोडलं तर राज्य असं काही दिसतच नव्हतं.

मी विचारलं, "हे कुठून आणलंस?" म्हणाला, "थोडं 'ब्लॅक पँथर'मधून, थोडं इकडचं तिकडचं." मी म्हटलं, "अरे, खऱ्या आफ्रिकन वंशाच्या राजांनी आपल्या कोकणात सव्वातीनशे वर्षं राज्य केलं. साताऱ्याच्या छत्रपतींनी त्यांच्याशी युद्धं केली, तह केले. त्यांना सोडून तू सिनेमाकडे कशाला गेलास?"

त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. म्हणून त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय.

आधी शब्द. हबश म्हणजे ॲबिसिनिया, आजचा इथिओपिया आणि आजूबाजूचा मुलुख. तिथला तो हबशी. सिद्दी हा अरबी 'सय्यदी'वरून आला असं मानतात, अर्थ 'माझे धनी'. म्हणजे मुळात मानाचा शब्द. आपल्याकडे मात्र 'हबशी' कसा वापरतात ते सगळ्यांना माहीत आहे. पोरगं चार घास जास्त जेवलं तरी आई म्हणते, "काय हबशासारखा खातोस!" ते जाऊ दे, शेवटी येतो त्यावर.

भाच्याला म्हटलं, राज्य उभं करायचं तर आधी चार प्रश्नांची उत्तरं लिही.

पहिला प्रश्न: राजा मेला की गादीवर कोण?

तू लिहिलंस, थोरला मुलगा. जंजिऱ्याला सुरुवातीला तसं नव्हतं. प्रमुख वारला की आरमारातला सगळ्यात वरचा हबशी सरदार पुढे यायचा. मुलगा असला तरी तोच बसेल असं नाही. हे लोक मुळात गुलाम म्हणून विकले गेलेले लष्करी पेशाचे. जन्मापेक्षा तलवार आणि जहाज कोण चालवतो याला किंमत. 1670 च्या सुमारास जंजिऱ्याचा फतेखान किल्ला शिवाजी महाराजांच्या हवाली करायला निघाला, तेव्हा त्याच्याच सरदारांनी त्याला बाजूला केलं आणि सिद्दी संबूल पुढे आला. राजाने सौदा केला आणि सरदारांनी तो मोडला! तुझ्या सम्राटाला कुणी असं अडवू शकतं का?

दुसरं उदाहरण मलिक अंबरचं. इथिओपियात जन्मला, लहानपणी विकला गेला, बगदादमार्गे दख्खनेत आला. इथे त्याला विकत घेणारा चंगीजखान हा निजामशाहीचा पेशवा, तोही हबशीच. पुढे हा अंबर निजामशाहीचा कर्ताकरविता झाला. मोगलांना पंचवीसेक वर्षं झुंजवलं. 1610 मध्ये खडकी शहर वसवलं, तेच पुढे औरंगाबाद आणि आजचं छत्रपती संभाजीनगर. तिथे जमिनीखालून नहरीने पाणी आणलं. शेतसाऱ्याची घडी बसवली. 1624 च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. एवढी सत्ता हातात असून स्वतः गादीवर बसला नाही. निजामशाही घराण्यातला एक मुलगा शोधून त्याला बसवलं, त्याला आपली मुलगी दिली आणि कारभार आपल्याकडे ठेवला. 1626 मध्ये गेला, कबर खुलताबादला आहे.

मुकुट एकाच्या डोक्यावर आणि राज्य दुसऱ्याच्या हातात, हे साताऱ्याच्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको.

दुसरा प्रश्न: राज्य खातं काय?

सोन्याची खाण लिहून मोकळं होता येतं. जंजिऱ्याला खाण नव्हती. समुद्र होता, बंदराची जकात होती, राजपुरीच्या खाडीकाठची भातशेती होती. आणि मोगलांचं आरमार सांभाळायचं म्हणून सुरतेच्या महसुलातून नेमणूक मिळायची. हज यात्रेकरूंची आणि व्यापाऱ्यांची जहाजं राखायची आणि त्याचे पैसे घ्यायचे. म्हणजे हे राज्य दुसऱ्या मोठ्या राज्याच्या गरजेवर जगत होतं. आणि रयत कोण? बहुतेक मराठी बोलणारी हिंदू माणसं. आगरी, कोळी, कुणबी. राजे मूठभर हबशी आणि प्रजा आपलीच. तेव्हा तुझ्या साम्राज्यात सम्राटाची भाषा एक आणि शेतकऱ्याची दुसरी असेल, तर निवाडा कोणत्या भाषेत होतो ते लिही.

तिसरा प्रश्न: देव कुणाचा आणि देवळाचा खर्च कोण करतो?

इथे गोष्ट साताऱ्याला येते. चिपळूणजवळच्या परशुरामाच्या देवस्थानाचे ब्रह्मेंद्रस्वामी. शाहू महाराज आणि बाजीराव त्यांना गुरू मानत. पण जंजिऱ्याचा सिद्दी याकुतखानही त्यांना मानायचा. पेढे आणि आंबडस ही गावं त्याने देवस्थानाला दिलेली. मुसलमान हबशी राजा, ब्राह्मण स्वामी, परशुरामाचं देऊळ. तुझी रक्त पिणारी देवी यापुढे फिकीच आहे.

मग बिघडलं कुठे? एका हत्तीवरून. सावनूरच्या नवाबाकडून सिद्दी सात या सरदारासाठी हत्ती येत होता, स्वामींच्या माणसांबरोबर. वाटेत आंग्र्यांच्या माणसांनी तो धरला. सिद्दी सातला वाटलं, यात स्वामींचाच हात आहे. 1727 च्या शिवरात्रीला त्याने परशुरामावर हल्ला केला, देऊळ लुटलं. स्वामी कोकण सोडून घाटावर आले. शाहू महाराजांनी त्यांना साताऱ्याजवळचं धावडशी गाव दिलं. 1745 मध्ये ते तिथेच गेले, समाधीही तिथेच आहे.

आपण ही गोष्ट 'मुसलमान सरदाराने देऊळ फोडलं' एवढ्यावर संपवतो. त्याच घराण्याने देवळाला गावं दिली होती, हा भाग गाळतो. किंवा कुणी फक्त गावं दिल्याचं सांगतो आणि लूट गाळतो. दोन्ही झालं होतं. दोन्ही सांगितलं तरच ते राज्य समजतं.

चौथा प्रश्न: शत्रू नेहमी शत्रूच असतो का?

1660 चा पन्हाळ्याचा वेढा सांगली-साताऱ्यातल्या शाळकरी पोरालाही तोंडपाठ असतो. महाराज मिरजेचा वेढा सोडून पन्हाळ्यावर आले आणि सिद्दी जौहरने गडाला वेढा घातला. पण तो वेढा फोडायला नेताजी पालकरांबरोबर बाहेरून जो आला, त्याचं नाव सिद्दी हिलाल. त्याचा मुलगा वाहवाह त्या लढाईत जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. म्हणजे वेढा घालणारा हबशी आणि वेढा फोडण्यासाठी पोरगं पणाला लावणाराही हबशीच. पहिलं नाव आपल्याला पाठ आहे, दुसरं किती जणांना माहीत आहे?

पुढे 1733 मध्ये जंजिऱ्याचा प्रमुख वारला. तोवर सरदारांनी निवडायची रीत सैल होऊन घराण्यातले वारसच एकमेकांवर उठले होते. त्यांच्यातला अब्दुल रहमान मराठ्यांकडे आला आणि साताऱ्याच्या दरबाराला दार उघडं मिळालं. बाजीराव उतरले, श्रीपतराव प्रतिनिधी उतरले. त्याच वर्षी जूनमध्ये रायगड परत मिळाला. पण बाजीराव आणि प्रतिनिधी यांचं आपसात पटत नव्हतं, त्यामुळे जंजिरा काही हाती आला नाही. 1736 च्या एप्रिलमध्ये चिमाजीअप्पांनी रेवसजवळ सिद्दी सातला मारलं, मग तह झाला. दोन्ही बाजूंना घरातली भांडणं नडली.

जंजिऱ्याच्या आणखी एका वारसाची गादी हुकली, तेव्हा 1791 मध्ये पेशव्यांशी करार होऊन त्याला सुरतेजवळ सचिन हे वेगळं संस्थान मिळालं. 1948 मध्ये जंजिरा भारतात विलीन झाला. आपल्या सांगली, औंध, फलटणसारखाच, त्याच सुमाराला.

एवढं सांगितल्यावर भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, मी सगळं पुन्हा लिहितो." आठ दिवसांनी पाठवलं. बिबट्याचं कातडं अजून आहे, ते काही त्याने सोडलं नाही. पण आता गादीसाठी नाखव्यांची सभा भरते. राजाची आई परक्या मुलखातली आहे. एका देवळाला राजा तेल पुरवतो आणि त्याच देवळाच्या पुजाऱ्याशी त्याचं एका जनावरावरून वैर आहे. शेवटचं वाचून मी हसलो.

आता त्या शब्दाचं.

कागदावरचा खेळ आहे, कुणाचं काय बिघडतं, असं वाटेल. पण भाच्याच्या पहिल्या मसुद्यात जो आफ्रिकन माणूस होता, तोच आपल्या डोक्यात बसलेला आहे. काळा, आडदांड, खादाड आणि अक्कल बेताची. पुण्यात आफ्रिकेतून शिकायला आलेली मुलं खोली शोधत फिरतात, तेव्हा घरमालकाच्या डोळ्यापुढे हाच माणूस येतो. शहर वसवणारा, नहर खोदणारा, साऱ्याची घडी बसवणारा अंबर येत नाही. आणि खाली उत्तर कन्नडात, यल्लापूर-हल्याळच्या जंगलपट्ट्यात सिद्दी समाज आजही राहतो. हिंदू, मुसलमान, ख्रिश्चन, तिन्ही धर्मांचे. कोकणी, कन्नड बोलतात, काही मराठीही. ते या मातीतलेच आहेत. तरी अनोळखी गावात गेले की त्यांना पहिला प्रश्न येतो, "तुम्ही कुठल्या देशाचे?"

सिद्दी सात वाईट वागला, तर तो वाईट वागला असं म्हणा. जंजिऱ्याच्या आरमाराने कोकणातली माणसं पळवली, गावं जाळली, तेही सांगा. शत्रूला गोड करायची गरज नाही. पण त्याला माणूस आणि राज्यकर्ता म्हणून तरी नीट लिहा. ज्यांना शिवाजी महाराजांपासून बाजीरावांपर्यंत कुणालाही समुद्रातून हलवता आलं नाही, ते जर बिनडोक होते, तर मग आपले लोक इतकी वर्षं लढत होते ते कुणाशी?

सातारकरांनो, सुट्टीत पोरांना घेऊन धावडशीला जा. समाधी दाखवा आणि हत्तीची गोष्ट सांगा. पूर्ण सांगा, गावं दिल्यापासून.

आणि पुढच्या वेळी पोरगं जास्त जेवलं तर "पोट भरलं का रे?" एवढंच विचारा.