भीमथडी घोडा : हृदयरचना व दूरदौडीची क्षमता

भीमा व नीरा या नद्यांच्या खोऱ्यांत पैदास होत आलेली घोड्याची एक दख्खनी जात. ‘थडी’ म्हणजे नदीकाठ. त्यावरून हे नाव पडले. मराठ्यांच्या घोडदळात या जातीला मोठा मान होता. शिंद्यांच्या छावणीत १८०९ मध्ये राहिलेल्या ब्राउटन या इंग्रज अधिकाऱ्याने भीमाकाठचे घोडे मध्यम चणीचे, मजबूत, बहुधा गडद तांबूस रंगाचे व काळ्या पायांचे असल्याचे नमूद केले आहे.

नीरेच्या खोऱ्यातील आंबवडे (ता. भोर, जि. पुणे) येथे कान्होजी जेधे यांची समाधी आहे. रोहिडखोऱ्याचे हे देशमुख १६५९ मध्ये अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी शिवाजी महाराजांच्या बाजूस ठामपणे उभे राहिले. खानाचा वध १० नोव्हेंबर रोजी झाला आणि २८ नोव्हेंबर रोजी पन्हाळगड मराठ्यांच्या हाती आला. डोंगराळ मुलखातून अवघ्या अठरा दिवसांत एवढी मजल मारणारे सैन्य घोड्याच्या दमावरच अवलंबून होते. पुढे १७३७ मध्ये पहिल्या बाजीरावाने दहा दिवसांची मजल दोन दिवसांत मारून दिल्ली गाठल्याचे सांगितले जाते. अशा दौडींमुळे दख्खनी घोड्याचे काळीजच मोठे, अशी समजूत रूढ झाली. ही समजूत कितपत खरी, हे ठरविण्यासाठी घोड्याच्या हृदयाविषयी काय ज्ञात आहे ते पाहणे आवश्यक आहे.

जुन्या अश्वपारख्यांची दृष्टी हृदयाच्या बाहेरच थांबत असे. नकुल व जयदत्त यांच्या नावांवर असलेल्या संस्कृत ग्रंथांत घोड्याची अंगलक्षणे, भोवरे व रोग यांचे विवेचन आहे. मराठी परंपरेत छातीवरील केसांचा भोवरा, म्हणजे देवमण, शुभ मानीत. रुंद छातीला मात्र व्यवहारातही किंमत होती आणि ती सर्वस्वी निराधार नव्हती.

हृदयाच्या आकाराची चर्चा शर्यतीच्या घोड्यांपासून सुरू झाली. इंग्लंडमधील एक्लिप्स (१७६४–८९) या अजिंक्य घोड्याचे हृदय सु. ६·३ किग्रॅ. भरल्याचे सांगतात. १९३२ मध्ये मेलेल्या फार लॅप या घोड्याचे ६·२ किग्रॅ. वजनाचे हृदय कॅनबरा येथील राष्ट्रीय संग्रहालयात जतन केले आहे. १९८९ मध्ये मेलेल्या सेक्रेटेरियट या अमेरिकन घोड्याच्या हृदयाचे वजन सु. १० किग्रॅ. असल्याचे वारंवार लिहिले जाते. तथापि ते हृदय तोललेच नव्हते, तो शवविच्छेदन करणाऱ्याचा अंदाज होता. सर्वसाधारणपणे घोड्याचे हृदय शरीराच्या वजनाच्या सु. १ टक्का असते. लहान चणीच्या दख्खनी घोड्याचे हृदय या थोर घोड्यांच्या हृदयाएवढे असणे शक्य नाही, आणि त्याची गरजही नाही. महत्त्व प्रमाणाला आहे.

जिवंत घोड्याचे हृदय मोजण्याचा पहिला मोठा प्रयत्न ऑस्ट्रेलियात जेम्स स्टील यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास केला. विद्युत् हृल्लेखातील निलयाच्या स्पंदनाचा काळ मोजून त्यांनी ‘हृदयांक’ ठरविला. अंक मोठा तर हृदय मोठे, असे मानून शिंगरांची खरेदीविक्रीही होऊ लागली. परंतु घोड्यात पुर्किंये तंतूंचे जाळे निलयाच्या भिंतीत खोलवर पसरलेले असल्याने हा काळ स्नायूच्या वजनाचे विश्वसनीय माप ठरत नाही. श्रवणातीत ध्वनीच्या साहाय्याने हृदयाचे प्रत्यक्ष चित्र मिळू लागल्यावर हृदयांक मागे पडला. २००५ मध्ये लेस्ली यंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले, की डाव्या निलयाचा आकार व कामगिरी यांचा संबंध लांब पल्ल्याच्या, अडथळ्यांच्या शर्यतीत धावणाऱ्या घोड्यांत अधिक स्पष्ट आढळतो.

याचे कारण हृदयाच्या कार्यात आहे. विश्रांतीच्या वेळी घोड्याच्या हृदयाचे दर मिनिटास सु. २८ ते ४० ठोके पडतात. भरधाव वेगात ते २२० ते २४० पर्यंत जातात आणि त्यापुढे वाढत नाहीत. म्हणून एका ठोक्यास किती रक्त बाहेर पडते, यावर स्नायूंना मिळणारा ऑक्सिजन ठरतो. सरावाने निलयाची पोकळी व तिच्या भिंतीची जाडी ही दोन्ही वाढतात. शिवाय घोड्याची प्लीहा हे तांबड्या रक्तकोशिकांचे कोठारच होय. दौड सुरू होताच ती आकुंचन पावते व रक्तातील कोशिकांचे प्रमाण सु. ४० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर जाते. अशा घट्ट रक्ताने अधिक ऑक्सिजन वाहिला जातो.

दूरदौडीत मात्र हृदय क्वचितच कमाल मर्यादेवर चालते. येथे घोडा थकतो तो उष्णता, घामावाटे जाणारे पाणी व लवणे, आणि पायांची झीज यांमुळे. १९५५ पासून कॅलिफोर्नियात होणाऱ्या टेव्हिस कप या २४ तासांत १०० मैलांच्या (सु. १६१ किमी.) दौडीत आणि तशाच इतर स्पर्धांत वाटेत पशुवैद्य घोड्याची नाडी पाहतात. ठरावीक वेळात ती सामान्यतः ६४ ठोक्यांपर्यंत उतरली नाही, तर घोडा बाद होतो. हृदय किती मोठे यापेक्षा ते किती लवकर शांत होते, हीच येथील कसोटी होय. या प्रकारात अरबी घोडे अग्रेसर आहेत. हलक्या, सडपातळ शरीरातून उष्णता लवकर बाहेर पडते; दख्खनी घोड्याच्या लहान चणीचा लाभही याच अंगाने समजून घ्यावा लागतो.

मराठ्यांना ही कसोटी अनुभवाने माहीत होती, असे त्यांच्या व्यवस्थेवरून दिसते. सभासदाच्या बखरीनुसार पागेतील पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी व एक नालबंद असे. म्हणजे पाणी व खूर यांची तजवीज आधी. महाराजांच्या १६७३–७४ च्या सुमाराच्या प्रसिद्ध आज्ञापत्रात पावसाळ्यासाठी साठविलेले दाणावैरण आधीच उधळू नका, नाहीतर घोडी उपाशी मरतील व ती तुम्हीच मारली असे होईल, अशी ताकीद आहे. हलके सामान आणि फौजेबरोबरचे जादा घोडे यांनी उरलेले काम केले. व्यवस्थेचा हा वाटा हृदयाच्या गौरवात झाकला जातो. १७ नोव्हेंबर १८०४ रोजी फरुखाबाद येथे लेकच्या घोडदळाने चोवीस तासांत सु. ११० किमी. तोडून यशवंतराव होळकराच्या छावणीवर पहाटे अचानक छापा घातला. वेगासाठी नावाजलेल्या फौजेला त्याच शस्त्राने गाठले गेले. दम ही कोणा एका जातीची मिरास नव्हती.

१८१८ नंतर पागा मोडल्या व मागणी आटली. शिलेदारी पद्धत मात्र ब्रिटिश भारतीय घोडदळात पहिल्या महायुद्धापर्यंत टिकली. भीमथडी जात मुख्यतः धनगरांच्या वाड्यांवर राहिली. मेंढ्यांच्या कळपाबरोबर बिऱ्हाड वाहणारी ही घोडी घाटमाथ्यापासून देशापर्यंत मजल दरमजल चालतात. अलीकडे तिची स्वतंत्र देशी जात म्हणून राष्ट्रीय स्तरावर नोंद झाली आहे.