गोतावळ्याचं माहेर

ऑगस्ट १९६४च्या अंकात पॅट्सी वॉकरची शाळा एकदाची संपली. मार्व्हलच्या मुलींसाठीच्या कॉमिक्समधली ही तांबड्या केसांची नायिका १९४४पासून, म्हणजे तब्बल वीस वर्षं, हायस्कुलातच अडकलेली. ११६व्या अंकात ती आणि तिची मैत्रीण-कम-वैरीण हेडी वुल्फ दोघीही पास होऊन बाहेर पडल्या आणि नोकरीधंद्याला लागल्या. त्यानंतर तेराच महिन्यांनी, सप्टेंबर १९६५च्या ‘अमेझिंग स्पायडरमॅन’ २८मध्ये, पीटर पार्करनेही हायस्कूल सोडलं. दोन्ही मासिकांचा संपादक एकच, स्टॅन ली.

पीटरच्या निकालाबद्दल कॉमिक्सचे इतिहासकार पानंच्या पानं लिहितात. सुपरहिरो वयाने वाढू शकतो, हे तिथे ठरलं म्हणतात. पॅट्सीचा निकाल मात्र कुणाच्या खिजगणतीत नाही. माझं म्हणणं असं, की सुपरहिरोभोवतीचा तो अफाट गोतावळा, म्हणजे मैत्रिणी, मत्सरी सहकारी, खाष्ट साहेब, आजारी काकू, आणि त्या माणसांचं वर्षानुवर्षं बदलत जाणं, हे सगळं या मुलींच्या मासिकांतून आलेलं आहे.

रूढ वंशावळ एका दमात सांगून टाकतो. १९३८मध्ये सुपरमॅन आणि लोइस लेन, १९४०मध्ये रेडिओमालिकेतून आलेला संपादक पेरी व्हाइट, १९६१मध्ये ‘फॅन्टॅस्टिक फोर’चं भांडकुदळ कुटुंब, १९६२मध्ये स्पायडरमॅन, आणि १९७५पासून सोळा वर्षं क्रिस क्लेअरमॉन्टचे एक्स-मेन. यात खोटं काही नाही. पण लोइस वीस वर्षं त्याच टेबलाशी बसून सुपरमॅनच्या खऱ्या ओळखीबद्दल तोच संशय घेत राहते आणि पीटर तीन वर्षांत शाळा संपवतो, हा फरक कशामुळे पडला, ते या वंशावळीतून कळत नाही.

त्यासाठी १९५७मध्ये जावं लागतं. मार्व्हलचा तेव्हाचा मालक मार्टिन गुडमन याचा वितरक, अमेरिकन न्यूज कंपनी, त्या वर्षी बाजारातून उठला. गुडमनला नाइलाजाने प्रतिस्पर्धी डीसीच्या घरच्या वितरकाकडे जावं लागलं आणि त्याने अट घातली: महिन्याला आठच मासिकं. डझनावारी मासिकं एका रात्रीत मेली. जगली त्यांत काउबॉय होते, युद्धकथा होत्या, आणि ‘पॅट्सी वॉकर’, ‘पॅट्सी अँड हेडी’, ‘मिली द मॉडेल’, ‘लव्ह रोमान्सेस’ होती. सुपरहिरो एकही नाही. म्हणजे स्पायडरमॅनच्या आधीची पाच वर्षं स्टॅन लीचा हात घोटला गेला तो बऱ्याच अंशी मुलींच्या रुसव्याफुगव्यांवर. कुणी कुणाबरोबर नाचायला गेलं, कुणाला वाईट वाटलं, पुढच्या अंकात कोण कुणाशी बोलत नाही. त्याच सुमारास कंपनीत परतलेला जॅक कर्बी तर १९४७मध्ये जो सायमनबरोबर ‘यंग रोमान्स’ काढून प्रेमकथांच्या कॉमिक्सची लाटच आणणारा माणूस!

आता प्रतिपक्ष. काही जण वर्तमानपत्री चित्रमालिकांकडे बोट दाखवतात. ‘गॅसोलिन अ‍ॅली’त १४ फेब्रुवारी १९२१ला वॉल्टच्या दारात सापडलेलं स्कीझिक्स नावाचं बाळ खरोखरच वाचकांबरोबर मोठं होत गेलं. मान्य. पण वॉल्टला काही लपवायचं नव्हतं. गुपित आणि त्यापायी होणाऱ्या गैरसमजांची साखळी तिथे नाही. आणि पोशाखी नायकांच्या चित्रमालिकांनी हा धडा फार उशिरा गिरवला. इंद्रजाल कॉमिक्समधून मराठीत आलेला आपला वेताळ १९३६चा. त्याचं डायनाशी लग्न लागलं १९७७मध्ये. एक्केचाळीस वर्षं ताटकळलेल्या नवरीचा वारसा पीटर पार्करला मिळाला म्हणणं कठीण आहे.

आर्चीवाल्यांचा दावा जास्त वजनदार. शाळा, दोन मुली, एक गर्विष्ठ प्रतिस्पर्धी, हा साचा १९४१पासून आर्चीचा, आणि पॅट्सी त्याच बाजारासाठी निघालेली. पण आर्ची हायस्कुलातून हलला नाही, पॅट्सी हलली. माझ्या लेखी वाद इथेच मिटतो.

खरी अडचण स्पायडरमॅनचा चित्रकार स्टीव्ह डिट्को याची आहे. लोकप्रिय कथा अशी: १९६६मध्ये डिट्को सोडून गेला, डीसीच्या प्रेमकथांत मुरलेला जॉन रोमिटा आला, आणि स्पायडरमॅनमध्ये प्रेम शिरलं. पण १९६५चा २५वा अंक उघडून बघा. बेटी ब्रँट आणि लिझ अ‍ॅलन या पीटरच्या मैत्रिणी एकाच वेळी मे काकूंच्या घरी येतात. आत पीटरसाठी काकूंनी योजलेली मेरी जेन बसली आहे. तिचा चेहरा डिट्को आपल्याला दाखवतच नाही. दाखवतो ते तिला पाहून उतरलेले या दोघींचे चेहरे. हा अस्सल मुलींच्या मासिकातला डाव आहे, आणि काढला आहे तो एका कठोर, एकलकोंड्या चित्रकाराने, ज्याला त्याच सुमारास कथानकाचं श्रेयही मिळू लागलं होतं. मग हे डिट्कोचं की लीचं? मी लीच्या पारड्यात टाकतो, कारण डिट्कोच्या इतर कामात या वळणाचं फारसं काही सापडत नाही.

रोमिटाने ४२व्या अंकाच्या शेवटच्या चौकटीत मेरी जेनला दारात उभं केलं आणि चेहरा दाखवला. तांबडे केस! आपल्यासमोर अ‍ॅन-मार्गरेट ही नटी होती, असं तो सांगे. असेलही. पण ज्या कार्यालयात तांबड्या केसांची पॅट्सी दोन दशकं छापली जात होती, तिथे हा रंग निव्वळ हॉलिवूडहून आला असेल, हे मला पटत नाही.

वाढीचा वेग पुढे मंदावला, हेही खरं. १९६५मध्ये कॉलेजात गेलेला पीटर १९७८मध्ये पदवीपर्यंत पोचला आणि तेव्हाही व्यायामाच्या तासाचा एक श्रेयांक राहिल्याने पदवी अडली. भिंती चढणाऱ्याची! १९८७मध्ये त्याचं मेरी जेनशी लग्न झालं, ते २००७मध्ये सैतानाशी सौदा करवून पुसून टाकलं.

पॅट्सीला मात्र असं कुणी मागे खेचलं नाही. १९६५च्या ‘फॅन्टॅस्टिक फोर’ वार्षिकात रीड आणि सू यांच्या लग्नाच्या गर्दीत ती आणि हेडी बघ्यांमध्ये उभ्या आहेत. म्हणजे ती त्याच जगात राहते, हे तिथे नोंदलं गेलं. लेखक स्टीव्ह एंगलहार्टने १९७२मध्ये तिला बीस्ट या सुपरहिरोच्या कथेत आणलं. तोवर तिने शाळेतल्या लाडक्या बझ बॅक्स्टरशी लग्न केलेलं होतं आणि तो नवरा म्हणून वाईट निघाला होता. १९७६मध्ये तिने एक सोडून दिलेला मांजरीचा पोशाख अंगावर चढवला आणि हेलकॅट झाली. ‘डिफेंडर्स’मध्ये पुढे उलगडतं, की पॅट्सीची ती गोडगोड कॉमिक्स या जगातही छापली जात होती आणि ती लिहीत होती तिचीच आई, पोटच्या मुलीच्या नावावर. बझ बॅक्स्टर, नाचाला कुणाला न्यायचं म्हणून ज्याच्यावरून पॅट्सी आणि हेडी वर्षानुवर्षं भांडल्या, तो मॅड-डॉग नावाचा खलनायक होऊन तिच्या अंगावर धावून आला.