व्हिएन्नाची भुयारी रेल्वे आणि बातमीचं पथ्य

भुयारी रेल्वेतल्या आत्महत्या कशा रोखायच्या, असं विचारलं तर तुम्ही फलाटावरचे काचेचे दरवाजे सांगाल. बरोबरच आहे. मुंबईच्या भुयारी मेट्रोत ते पहिल्यापासून आहेत. पण असे दरवाजे नसलेल्या एका शहरात वेगळाच उपाय लागू पडला, त्याची ही हकीकत.

ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना इथे १९७८ साली भुयारी रेल्वे सुरू झाली. पहिली काही वर्षं तिथे आत्महत्या क्वचितच होत. १९८४ नंतर मात्र आकडा झपाट्याने चढला. त्याच काळात मोठ्या खपाची वर्तमानपत्रं या घटना ठळक मथळे देऊन, भावनिक रंग चढवून छापत होती. गेर्नोट झोनेक आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांना शंका आली की, ही बातमीच कुणाला तरी वाट दाखवत असावी.

१९८७ च्या मध्यावर ऑस्ट्रियाच्या आत्महत्या प्रतिबंध संघटनेने पत्रकारांना सूचना दिल्या. पहिल्या पानावर बातमी नको, फोटो नको, कृतीचे तपशील नकोत. ‘परीक्षेत नापास झाला म्हणून’ असं एकच सोपं कारण नको. मदत कुठे मिळते, ते सांगा. कायद्याचा बडगा नव्हता, फक्त विनंती होती. तरीही संपादकांनी ती मानली! त्याच वर्षाच्या उत्तरार्धात भुयारी रेल्वेतल्या आत्महत्या आणि तसे प्रयत्न सुमारे ७५ ते ८० टक्क्यांनी घटले आणि पुढची कित्येक वर्षं कमीच राहिले.

तुम्ही म्हणाल, “ज्याने ठरवलंय तो दुसरा मार्ग शोधणारच.” दवाखान्यात हे वाक्य मी नेहमी ऐकतो, सुशिक्षितांकडूनही. पण व्हिएन्नातल्या एकूण आत्महत्या त्यामुळे वाढल्या नाहीत. सगळं श्रेय बातम्यांनाच देता येणार नाही, हे मान्य. पण आत्महत्येचा विचार करणाऱ्या माणसाचं मन बहुतेक वेळा दोलायमान असतं. तीव्र ओढीचा काळ अनेकदा थोडा असतो. तो टळला, तर बरेच जण पुढे जगतात.

पुढे २०१० साली व्हिएन्नाच्याच नीडरक्रोटेन्थालर यांनी दुसरी बाजू मांडली. आत्महत्येचा विचार येऊनही त्यातून सावरलेल्या माणसांच्या बातम्या छापून आल्या, तेव्हा आत्महत्यांचं प्रमाण घटलेलं दिसलं. याला त्यांनी नाव दिलं ‘पापागेनो परिणाम’. पापागेनो हे मोत्सार्टच्या एका संगीतनाटकातलं पात्र. तो जीव द्यायला निघतो, तेव्हा तीन मुलं त्याला दुसरा मार्ग सुचवतात.

आपल्याकडे प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये अशाच सूचना स्वीकारल्या. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मात्र संपादक नसतो. तिथे आलेला तसला फोटो पुढे पाठवायचा की नाही, हे तुमच्याच हातात आहे.

घरात कुणी “जगून काय उपयोग” असं म्हणत असेल, तर “आत्महत्येचा विचार येतो का?” असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. त्या माणसाला एकटं सोडू नका. सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, आणि तिथे मराठीतूनही बोलता येतं.