बीरगांवला सकाळचे आठ वाजतात

रायपूरहून बिलासपूर रस्त्याला लागलं की भनपुरीच्या पुढे बीरगांव. जवळच उरला औद्योगिक क्षेत्र, थोडं पुढे सिलतरा. स्पंज आयर्नचे कारखाने, इंडक्शन फर्नेस, रोलिंग मिल, कोळशावरची वीजघरं, आणि त्यांना लागून कामगारांच्या वस्त्या. इथली आपत्ती कुठल्या पंचनाम्यात नोंदलेली सापडणार नाही. डिसेंबर-जानेवारीत वारा पडलेल्या कोणत्याही रात्री ती येते, आणि तिच्या वेळा ठरलेल्या असतात.

दुपारी ३

दिवसातली त्यातल्या त्यात बरी वेळ. तापलेल्या जमिनीवरून हवा वर चढते आणि धूर किलोमीटरभर उंचीपर्यंत पसरून विरळ होतो. गच्चीवरचे कपडे काढताना ते आधी झटकावे लागतात. काळी भुकटी उडते. अनवाणी चाललं तर तळवे काळे होतात.

ही भुकटी येते कुठून? लोहखनिज, दगडी कोळसा आणि डोलोमाइट एका लांबलचक फिरत्या भट्टीत साधारण हजार अंशांपर्यंत तापवतात. कोळशापासून तयार झालेला कार्बन मोनॉक्साइड खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि सच्छिद्र लोखंड, म्हणजेच स्पंज आयर्न, मागे राहतं. भट्टीतून जो वायू बाहेर पडतो, त्यात राख, खनिजाची धूळ आणि अर्धवट जळालेला कोळसा असतो.

संध्याकाळी ५.२०

सूर्य मावळतो. आकाश निरभ्र असलं की जमीन झपाट्याने निवते, तिच्या लगतची हवाही निवते. वरची मात्र उबदार राहते. शाळेच्या पुस्तकात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. गावावर जणू झाकण बसतं. दुपारी किलोमीटरभर उंचीत मावणाऱ्या धुराला आता शे-दोनशे मीटरच जागा मिळते.

रात्री ८

चुली पेटलेल्या, लाकडाचा आणि शेणींचा धूर, मुख्य रस्त्यावर ट्रकांची रांग. यातला काही वाटा गरिबाच्या चुलीचा आहे, हे खरं. पण थंडीत चार काटक्या पेटवणाऱ्याला आणि रात्रंदिवस चालणाऱ्या भट्टीला एकाच मापाने मोजणं मला मान्य नाही.

रात्री ११

सगळ्या घटनाक्रमातली निर्णायक वेळ ही.

भट्टीच्या वायूतली धूळ पकडायला इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर असतो; कारखान्यात, वस्तीत सगळे त्याला ईएसपीच म्हणतात. हजारो व्होल्टच्या विद्युतक्षेत्रात धुळीचे कण भारित होतात, पत्र्यांना चिकटतात, ठोके देऊन खाली पाडले जातात. नीट चालला तर जवळजवळ सगळी धूळ अडते. कोळशावरच्या स्पंज आयर्न कारखान्यांना २००८च्या मानकांनुसार धुराड्यातून घनमीटरला १०० मिलिग्रॅमहून जास्त धूळ सोडता येत नाही, आणि ते पाळण्याइतकं तंत्र उपलब्ध आहे.

पण ईएसपीला वीज लागते, देखभाल लागते, आणि त्यातून विकायला काहीच निघत नाही. अंधार पडला की ईएसपी बंद होतात, ही या पट्ट्यातली जुनी तक्रार आहे. शिवाय भट्टीला आणीबाणीची वाट ठेवलेली असते. वीज गेली किंवा वायूचा दाब बिघडला तर झाकण उघडून धूर ईएसपीला वळसा घालून थेट आकाशात सोडतात. ती सोय अपघात टाळण्यासाठी आहे, आणि हवीच. पण ती किती वेळा, किती मिनिटं उघडली हे शेजारच्या वस्तीला कोण सांगतं? काळोखात धुराचा रंग दिसत नाही. सकाळी गच्चीवर जो थर सापडतो, तेवढाच त्यांच्या हाती पुरावा.

रात्री १२.४०

याच सुमाराला, २ डिसेंबर १९८४ची मध्यरात्र उलटल्यावर, भोपाळमधल्या कारखान्यात मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीची सुरक्षा झडप उघडली. रायपूर तेव्हा त्याच राज्यात होतं. त्या कारखान्यातही विष अडवणारी यंत्रं होती. पण शीतकरण बंद ठेवलेलं, ज्वालास्तंभाचा पाइप दुरुस्तीसाठी काढलेला, स्क्रबर वेळेला अपुरा पडला. भोपाळची माणसं एका रात्रीत हजारोंनी गेली म्हणून जगाने पाहिलं. बीरगांवची हवा इतक्या वेगाने मारत नाही. पण यंत्र आहे आणि ते चालत नाही, हा गुन्हा दोन्हीकडे सारखाच आहे.

पहाटे ४

घरं झोपलेली. मूल वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा आत घेतं. अडीच मायक्रॉनहून लहान कण नाकात किंवा घशात अडकत नाहीत. ते फुप्फुसाच्या शेवटच्या वायुकोशांपर्यंत उतरतात. त्यांहूनही सूक्ष्म कण रक्तात जातात. २०१७च्या एका प्रयोगात स्वयंसेवकांनी सोन्याचे अतिसूक्ष्म कण श्वासावाटे घेतले. काहींच्या रक्तात ते पंधरा मिनिटांत सापडले आणि तीन महिन्यांनंतरही शरीरातून पूर्ण गेलेले नव्हते.

सकाळी ६.३५

सूर्योदय. आता सुटका होईल असं वाटतं, घडतं उलट. उंच धुराड्यांतून निघालेला बराच धूर रात्रभर थंड थराच्या वर अडकून राहिलेला असतो. जमीन तापू लागते, खालची हवा घुसळू लागते, आणि तो साठा जमिनीपर्यंत ओढला जातो.

सकाळी ८

तो धूर खाली पोचतो तेव्हा मुलं शाळेच्या रस्त्याला असतात, पाळी सुटलेले कामगार सायकलवर घरी निघालेले असतात, आणि मितानिन, म्हणजे इथली आरोग्यसेविका, घरोघर खोकल्याची चौकशी करत फिरत असते. अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये ७७२ हृदयविकाराच्या रुग्णांवर केलेल्या अभ्यासात दिसलं, की सूक्ष्म कण वाढल्यानंतर दोन तासांतच झटक्याचा धोका वाढतो.

मुलांचा हिशेब सावकाश होतो. दक्षिण कॅलिफोर्नियात दहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत मुलांची फुप्फुसं मोजली गेली. सर्वांत स्वच्छ गावांत १.६ टक्के मुलांची श्वासक्षमता धोक्याच्या पातळीखाली राहिली. सर्वांत दूषित गावांत ७.९ टक्के. पण पुढे तिथली हवा सुधारली आणि नंतरच्या पिढीची फुप्फुसं जास्त चांगली वाढली, हेही त्याच संशोधकांनी २०१५मध्ये दाखवलं. म्हणजे आज बीरगांवात जन्मलेल्या मुलाचं फुप्फुस अजून वाचवता येतं. उशीर झालाय, असं म्हणून कुणालाही हात झटकता येणार नाहीत.

सकाळी ११

झाकण उठतं. धूर पसरतो, रायपूर शहरावर, जुन्या मराठी घरांच्या तात्यापाऱ्यावरही. चंद्रपूर-घुग्घुसच्या वाचकाला यातलं काहीच नवं वाटणार नाही.

दुपारी ४

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं रोजचं हवा गुणवत्ता निर्देशांक पत्रक निघतं. त्यात मागच्या चोवीस तासांची सरासरी असते. सकाळी आठचा उच्चांक तिच्यात मुरून जातो. २०१६मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रदूषित शहरांच्या यादीत रायपूर जगात सातवं होतं, पीएम २.५ची, म्हणजे त्या अडीच मायक्रॉनहून लहान कणांची, वार्षिक सरासरी घनमीटरला १४४ मायक्रोग्रॅम. भारताची मर्यादा ४०. त्यानंतर शहराची सरकारी सरासरी बरीच उतरली आहे. बीरगांवच्या आईला मात्र शहराची सरासरी नको आहे, तिला आपल्या गल्लीतला आठ वाजताचा आकडा हवा आहे.

तो मिळू शकतो. सिलतऱ्यात हवा मोजणारं केंद्र आहे. अतिप्रदूषक उद्योगांच्या १७ वर्गांना धुराड्यांवर सतत मोजणारी यंत्रं बसवायला मंडळाने २०१४मध्येच सांगितलं. लोहपोलाद त्यात येतं. ईएसपीने रात्री अकरा ते पहाटे पाच किती युनिट वीज खाल्ली, हे स्वतंत्र मीटरने मोजता येतं. हे आकडे तासागणिक, कारखान्याच्या नावासकट, बीरगांव महापालिकेच्या दारात फळ्यावर लावा, आणि उद्या रात्रीपासूनच लावा.