आफ्रिकेतील उदयोन्मुख अर्थव्यवस्था नेमक्या कोणत्या?

मेहकर : पैनगंगेकाठच्या या तालुक्यात खरिपाची भिस्त प्रामुख्याने सोयाबीन आणि तुरीवर आहे. दोन्ही पिकांना आज आफ्रिकेतील मालाशी स्पर्धा करावी लागते. जुलै २०१६ मध्ये भारताने मोझांबिकशी तूर आयातीचा करार केला. वर्षाला दोन लाख टनांपर्यंत आयातीचे उद्दिष्ट असलेल्या या कराराची मुदत २०२१ मध्ये पाच वर्षांनी वाढविण्यात आली. त्याच वर्षी मलावीशीही ५० हजार टनांचा वार्षिक करार झाला. टोगो व बेनिनचे सोयाबीनही भारतीय बंदरांत उतरते. त्यामुळे यातील कोणता देश कोणत्या पायरीवर आहे, हा प्रश्न येथील कास्तकाराला परका राहिलेला नाही.

'उदयोन्मुख' या संज्ञेची सर्वमान्य व्याख्या मात्र नाही. जागतिक बँक दरडोई उत्पन्न पाहते. गुंतवणूकदार शेअर बाजाराची खोली पाहतात. एमएससीआय या निर्देशांक संस्थेच्या उदयोन्मुख बाजारांच्या यादीत आफ्रिकेतील दक्षिण आफ्रिका आणि इजिप्त हे दोनच देश आहेत. गोल्डमन सॅक्सने २००५ मध्ये भावी अकरा अर्थसत्ता निवडल्या, तेव्हा इजिप्तच्या जोडीला नायजेरिया होता.

आकडेही फसवे असतात. एप्रिल २०१४ मध्ये नायजेरियाने राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याचे आधारवर्ष १९९० ऐवजी २०१० केले आणि केवळ कागदोपत्री दक्षिण आफ्रिकेला मागे टाकले. पुढे नायरा घसरला आणि ते स्थानही गेले. मोझांबिकचा विकासदर दशकभराहून अधिक काळ सात टक्क्यांच्या आसपास होता. २०१६ मध्ये सुमारे दोन अब्ज डॉलरची दडविलेली कर्जे उघड झाली आणि ही घोडदौड थांबली.

मेहकरच्या बाजारपेठेच्या दृष्टीने महत्त्वाची यादी वेगळीच आहे. दरडोई उत्पन्न, आरोग्य-शिक्षण आणि आर्थिक असुरक्षितता या तीन निकषांवर संयुक्त राष्ट्रे 'अल्पविकसित' देश ठरवतात. अशा देशांच्या मालाला करसवलत देण्याची घोषणा भारताने २००८ च्या भारत-आफ्रिका शिखर परिषदेत केली. टोगो-बेनिनचे सोयाबीन याच सवलतीत येते. देशांतर्गत उत्पादनापुढे ही आयात लहान असली, तरी ऐन हंगामात भावाची चर्चा तिच्यापासूनच सुरू होते.

बेनिन २०२० मध्ये जागतिक बँकेच्या निम्न-मध्यम उत्पन्न गटात गेला, तरी अल्पविकसितांच्या यादीत राहिला. त्या यादीतून आजवर बाहेर पडलेले आफ्रिकी देश चारच : बोट्सवाना (१९९४), केप व्हर्दे (२००७), इक्वेटोरियल गिनी (२०१७) आणि साओ टोमे व प्रिन्सिपे (२०२४).